बिनमडगार्डची गाडी

पावसात सायकल कशी चालवायची हे आम्हाला ज्यांनी शिकवलं, त्या कंडक्टर आबांना सायकल चालवता येत नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांनी स्वतःही ते कधी लपवलं नाही. पहिल्याच दिवशी आमच्यातली कोमल म्हणाली, "आबा, तुम्हीच दाखवा ना बसून." तेव्हा त्यांनी तिच्याकडे विनातिकीट माणसाकडे बघावं तसं बघितलं. "कंडक्टर गाडी चालवत नसतो बाई, चालती करतो. आख्खी नोकरी झाली, स्टेरिंगला बोट लावलं न्हाई. पण मह्या घंटीबिगर डायवरनं कधी गाडी हलवली का?" यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं, आणि समोरच्याकडे उत्तर नाही म्हणजे त्याला पटलं, असा आबांचा समज होता.

आमचं गाव वडीगोद्रीच्या अलीकडे, हायवे सोडून आत. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता काळ्या मातीचा. ही माती उन्हाळ्यात दगडासारखी असते आणि पावसाळ्यात पायाला धरली की सोडत नाही. रस्त्यात एक ओढा लागतो. पाऊस सुरू झाला की बस फाट्यावरूनच पुढे निघून जायची, आणि सातवीच्या पुढची शाळा फाट्यापलीकडे, म्हणून त्या वर्गांतल्या पोरी घरी बसायच्या. शाळा सोडली असं कुणी म्हणायचं नाही. 'पाऊस आहे' एवढंच म्हणायचे. पाऊस आहे म्हणजे शेतात गवत आहे, गवत आहे म्हणजे खुरपणी आहे. एकदा खुरपं हातात आलं की पोरगी दिवाळीपर्यंत मोकळी व्हायची नाही, आणि दिवाळीनंतर शाळेत गेलीच तर फळ्यावरचं गणित तिला अनोळखी माणसासारखं वाटायचं. बऱ्याच जणी मग जायच्याच नाहीत.

मी दहावीत गेले होते. आमच्या घरात निर्णय घ्यायचे ते बापू, म्हणजे माझे थोरले चुलते. माझे वडील घरात बोलायचे ते फक्त भाजीत मीठ कमी असलं तर. बापूंचं म्हणणं साधं होतं: "पोरगी हुशार हाय हे मला मान्य. पण चिखलातून, वढ्यातून पोरीच्या जातीनं एवढ्या लांब जायचं, काही झालं म्हंजी जबाबदार कोण?" हा प्रश्न विचारून ते नेहमी सगळ्यांकडे बघायचे आणि सगळे नेहमी खाली बघायचे.

आठवीत आम्हा सातजणींना सरकारी सायकली मिळाल्या होत्या, पण त्या मिळाल्यापासून आमच्या कमी आणि घराच्या जास्त होत्या. आमची सायकल ओसरीत टीव्हीशेजारी उभी असायची. दांडीवरचं, सीटवरचं प्लास्टिक बापूंनी काढू दिलं नव्हतं. हँडलला दसऱ्याचा वाळलेला हार, पुढच्या चाकाला लिंबू-मिरची. कोरड्या दिवसांत मी ती शाळेला न्यायची, तेव्हा त्या प्लास्टिकसकट न्यायची, आणि बसताना असा आवाज व्हायचा की रस्त्यातली कुत्री उठून बसायची.

त्या जूनमध्ये आबा हातात पाना घेऊन आमच्या ओसरीत आले. नोकरी संपून त्यांना दोनेक वर्षं झाली होती, पण खाकी पँट अजून अंगावर होती आणि गळ्यात शिट्टी होती. रिकामपण त्यांना सोसत नव्हतं. पारावर चार माणसं बसलेली दिसली की ते म्हणायचे, "जरा मागं सरका, मधी जागा हाय." त्या दिवशी मात्र ते पारावर थांबले नाहीत. सरळ आत आले, सायकलीवरचं प्लास्टिक नखाने टराटरा फाडलं, आत साठलेला गंज बापूंना दाखवला आणि म्हणाले, "बापू, ही सायकल हाय का लोणचं?" बापू काही बोलायच्या आत पुढचा मडगार्ड निघून खाली पडला होता.

त्या आठवड्यात गावातल्या सातही सायकलींचे मडगार्ड निघाले. गावात मोठा बोभाटा झाला. कोऱ्या सायकलीची अब्रू काढली, अशी तक्रार घेऊन बाप लोक आले. आबा प्रत्येकाला तेच सांगायचे: "मडगार्ड म्हंजी मातीला दिलेली सीट. एकदा माती तिथं बसली की उठत न्हाई, आन् चाक बिलकुल फिरत न्हाई. मंग पोरगी सायकलवर बसायच्या ऐवजी सायकल पोरीवर बसती." काढलेले चौदा मडगार्ड त्यांनी स्वतःच्या घराच्या भिंतीला ओळीने टांगले. त्यांची बायको, आम्ही तिला जिजा म्हणायचो, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "यांनी दुकान घातलंय, पण गिऱ्हाईकाला द्यायचं काही न्हाई, नुसतं काढून घ्यायचं."

त्यानंतर आबांची नजर गावातल्या उलथन्यांवर गेली. चाकाच्या फटीतली माती खरवडायला बोट चालत नाही, काडी मोडते, खुरपं टायर फाडतं. उलथनं बराबर बसतं, हा शोध त्यांनी जिजाच्या चुलीपुढे बसून लावला. मग प्रत्येक सायकलीच्या दांडीला सुतळीने एकेक उलथनं बांधलं गेलं. त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या बायका भाकरी बोटांनीच उलटायच्या. माझी आई चटका बसला की आबांचं नाव घ्यायची, पण उलथनं परत मागितलं नाही तिने. तिची शाळा चौथीतच पावसाने संपवली होती, हे तिने मला खूप पुढे सांगितलं.

आबांची सगळीच तयारी अशी अचूक होती असं नाही. सायकलीबद्दलचं त्यांचं ज्ञान बसच्या खिडकीतून बघून झालेलं होतं. लोखंड म्हटलं की तेल, या हिशोबाने त्यांनी कुणाच्या तरी ट्रॅक्टरचं काळं जळालेलं ऑइल आणलं. चेनला लावलं, ते ठीक. चिंधी तेलाने भरलीच आहे म्हणून चाकाच्या रिमला लावलं, ब्रेकच्या रबरालाही लावलं. पूजा पहिल्यांदा उतारावरून खाली आली ती दोन्ही ब्रेक दाबून, ओरडत, सरपंचांच्या उकिरड्यात शिरली. आम्ही तिला शेणातून ओढून काढलं. आबा आले, सायकलीला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "थांबली ना? थांबली म्हंजी ब्रेक लागला." पण रात्रीतून त्यांनी सातही सायकलींचे रिम राखेने घासून काढले. सकाळी त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "मेंदी."

पाऊस अजून पडायचा होता. गावात टँकर चालू होता, आणि आबांना चिखल हवा होता. एके दिवशी त्यांनी घरातले दोन हंडे उचलून मारुतीच्या देवळामागच्या काळ्या रानात ओतले आणि पायांनी तुडवून चिखल केला. टँकरचं पाणी मातीत घातलं म्हणून लोक भांडायला धावून आले. जिजा सगळ्यात पुढे. "भांडी घासायला पाणी न्हाई, आन् हे चिखल करून राह्यले!" आबा मधोमध उभे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. "पाऊस आल्यावर तुमी पोरी घरी ठेवून घेता," ते म्हणाले, "मंग शिकवू कधी? दिवाळीत?" लोक बडबडत राहिले, पण कुणी गेलं नाही. सात पोरी खांद्यावर सायकल घेऊन चिखलात गोल फिरतात हा तमाशा रोज बघायला मिळत नाही.

दांडीत खांदा कसा घालायचा, चप्पल काढून हँडलला कशी अडकवायची, सलवारीचा पायचा कपड्याच्या चिमट्याने कसा धरायचा, दप्तर खताच्या गोणीच्या आतल्या पिशवीत कसं गुंडाळायचं, हे सगळं तिथेच शिकलो. बाहेरच्या गोणीची खोळ करून डोक्यावर घ्यायची. छत्रीला सक्त बंदी. "छत्री धरली की एक हात छत्रीचा, एक हात हँडलचा. ब्रेकला कोणता हात? सासूचा?" ओल्या ब्रेकबद्दल त्यांचं एक वाक्य मला अजून गाडी चालवताना आठवतं: "ओला ब्रेक विचार करून लागतो. म्हणून त्याच्या आधी तुमी विचार करायचा." आमची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. सगळ्यात पुढची कोमल ती 'डायवर साइड', आणि मी सगळ्यात मागे म्हणून 'मागली सीट'.

तरीही बापू तयार नव्हते. जबाबदार कोण, हा प्रश्न त्यांनी आबांनाही विचारला. गावात पहिल्यांदाच कुणीतरी खाली न बघता उत्तर दिलं. "मी. सकाळी फाट्यापर्यंत मी पायी संगं जातो. फाट्याच्या पुढं डांबरी हाय, तिथून त्या जात्यात. सांजच्याला शाळा सुटायच्या आधी मी फाट्यावर हजर. फाट्यावरून घरी." बापूंनी खूप वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "ठीक हाय. पण अंधाराच्या आत पोरी घरात पायजेत. एक दिवस जरी चुकला तर आमची पोरगी त्या दिवसापासून घरी. आन् आमची बसली की बाकीच्याबी बसतीन, हे तुमाला म्हाईत हाय." आबा म्हणाले, "टायमाची बात करून राह्यले तुमी, कंडक्टरशी?"

मग पाऊस लागला आणि आमची गाडी सुरू झाली. आबा मागून अनवाणी चालायचे. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. चिखलात चाक जाम झालं की सगळ्या एकदम उलथनी काढायच्या, आणि फाट्यावरचे चहा पिणारे लोक कप हातात धरून बघत राहायचे. पाठीवर गोणी, गोणीवर खताचं मोठं छापील नाव, पायच्यांना चिमटे, हातात उलथनं, अशा अवतारात आम्ही वर्गात शिरायचो. पहिले काही दिवस वर्ग हसला. नंतर आमच्या बाकाला खताचा वास येतो म्हणून तक्रार झाली. पण आमची हजेरी लागत होती. श्रावण आला तरी मी शाळेत होते, भूमितीतलं प्रमेय मला ओळखत होतं, आणि त्या दिवसांत मला जो आनंद झाला तसा पुढे पहिल्या पगाराचाही झाला नाही.

भादव्यात एका दुपारी वरच्या अंगाला ढगफुटीसारखा पाऊस झाला. आमच्याकडे थेंब नाही, आणि ओढ्याला मात्र लाल पाणी. आम्ही शाळा सुटून फाट्यावर आलो तेव्हा आबा ठरल्याप्रमाणे तिथे होते. ओढ्यापर्यंत आलो आणि सगळ्या उभ्या राहिल्या. पाणी फार रुंद नव्हतं. पलीकडची बाभूळ दिसत होती, तिच्या मागे गावातल्या देवळाचं शिखर दिसत होतं. सूर्य खाली आला होता.

मी सायकल खांद्यावर घेतली आणि पाण्यात उतरले. पाणी पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्याला. खालची वाळू सरकत होती. मागून एक लांब शिट्टी ऐकू आली, मी थांबले नाही. तेवढ्यात सायकलीला मागून असा हिसका बसला की मी तिच्यासकट मागे पडले. आबांनी कॅरिअर धरलं होतं. त्यांना पोहायला येत नव्हतं, हे मला माहीत होतं.

"मागं हो," ते म्हणाले, "गाडी रद्द."

"आबा, गुडघ्याएवढंच आहे पाणी. अंधार पडला तर बापू शाळा बंद करतील. माझं दहावीचं वर्ष आहे, आबा."

"शाळंचं मी बघतो. तू फकस्त पाण्याभाईर ये."

मी रडत बाहेर आले. आबा रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. खिशातला फोन पिशवीत गुंडाळलेला होता, तो काढून त्यांनी बापूंना लावला. "बापू, वढ्याला पाणी आलंय. आजची गाडी मुक्कामी. पोरी फाट्यावर गिरणीवाल्या बाईच्या घरी राहत्यात. सात चढल्या व्हत्या, सात उतरल्या." पलीकडून बापूंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. आबांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाले, "हाव. सकाळी या." गिरणीवाल्या बाईने आम्हाला गरम पिठलं घातलं. माझी शाळा संपली हे मला कळत होतं.

सकाळी पाणी ओसरलं आणि बापू आले. निघाले होते मोटारसायकलवर, पण मातीने चाक धरलं म्हणून ती ओढ्याच्या पलीकडे सोडून, पांढरं धोतर कमरेपर्यंत चिखलात, एका पायात चप्पल, असे आले. रात्रभर झोपले नसावेत. माझ्याकडे एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं आणि मग आबांकडे वळले.

"म्या काय सांगितलं व्हतं?"

"अंधाराच्या आत."

"मंग?"

"मंग चुकलं." आबा उभे राहिले. "पण बापू, एक सांगा. गाडी लेट झाली तर तिकीट काढलेल्या माणसाला शिक्षा करत्यात का? कंडक्टरवर कारवाई होती. जबाबदार कोण म्हणून तुमी इचारलं व्हतं, म्या 'मी' म्हणलं व्हतं. कारवाई मह्यावर करा. पोरीचं तिकीट कायम ठेवा."

बापू भांडायच्या तयारीने आले होते, आणि समोरचा माणूस भांडतच नव्हता. शिवाय गिरणीवर दळणाला आलेले लोक बघत होते. कुणालातरी शिक्षा केल्याशिवाय बापूंना परत जाता येणार नव्हतं. ते म्हणाले, "ठीक हाय. उद्यापून पोरी जातीन. पण तुमी वेशीच्या भाईर त्यांच्या संगं पाऊल टाकायचं न्हाई."

"बराबर हाय," आबा म्हणाले. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी खिशात ठेवली.

त्या पावसाळ्यात माझी शाळा वाचली आणि आबांची गेली. आम्ही सातजणी एकट्या जायला लागलो. ओढ्याच्या काठावर पाणी कुठवर चढलं त्याची रेघ, चाकातली माती, सगळं आमचं आम्हाला कळत होतं, म्हणजे त्यांनी काम चोख केलं होतं. पण वेशीपाशी त्यांच्या ओट्यासमोरून जाताना आम्ही काही विचारलं, चेन सैल झाली का बघा म्हटलं, तरी ते मान हलवायचे. "सस्पेंड माणसानं डेपोत पाय ठेवायचा नसतो." हे ते थट्टेत म्हणत होते असं मला तेव्हा वाटायचं. एका सकाळी मागे वळून बघितलं तर ते ओट्यावर उभं राहून आमची डोकी मोजत होते, बोटाने, हवेत. त्या माणसाच्या दिवसात तेवढं एकच काम होतं, आणि ते त्याने माझ्यासाठी देऊन टाकलं होतं.

मी दहावी पास झाले. पेढे घेऊन गेले तर आबांनी एक पेढा खाल्ला आणि म्हणाले, "आता अंबडला कालेज. तिकडं डांबरी हाय, मडगार्ड घेऊन जा तुहे. जागा अडून राह्यली." जिजा म्हणाली, निकाल लागायच्या दिवशी ते सकाळपासून जेवले नव्हते. आबा म्हणाले, पोट बिघडलं होतं.

त्याच जूनमध्ये बापूंच्या धाकट्या लेकीला, पिंकीला, आठवीत गेली म्हणून, सायकल मिळाली. एके सकाळी बापू ती कोरी सायकल हाताने ढकलत आबांच्या ओट्यासमोर येऊन उभे राहिले. मी पाणी भरत होते, सगळं बघितलं. बापूंना माफी मागता येत नव्हती, तो प्रकार आमच्या घराण्यात नाही. ते नुसते उभे. आबा दात घासत होते, घासत राहिले. शेवटी बापू म्हणाले, "पोरीचे मडगार्ड काढायचे व्हते."

आबांनी चूळ भरली. "जागा न्हाई. मागून दुसरी गाडी येऊन राह्यली."

बापूंचा चेहरा असा पडला की आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची दया आली. ते सायकल वळवायला लागले, तेव्हा आबा आत गेले आणि पाना घेऊन बाहेर आले. पिंकीनंतर गावातल्या कितीतरी पोरी त्यांच्या शिट्टीवर शिकल्या. मी परतूरला बँकेत लागले, लग्न झालं, स्कूटी घेतली. गावी गेले की आबा स्कूटीभोवती चक्कर मारायचे आणि मडगार्डकडे बघून नाराजीने चुकचुकायचे.

आबा मागच्या वर्षी गेले, भर पावसाळ्यात. त्यांच्या मुलाने अंबडहून गाडी मागवली होती, ती फाट्यावर अडकली. शेवटी चौघांनी खांदा दिला. पुढे उजव्या बाजूला बापू होते, आता तेही थकलेत, पण त्यांनी जागा सोडली नाही. स्मशानाची वाट त्याच काळ्या मातीची. दर थोड्या अंतरावर तिरडी थांबायची, माणसं पायांची माती झटकायची आणि पुढे निघायची. आम्ही सातहीजणी आलो होतो, कोण सासरहून, कोण नोकरीवरून, कोमल तर पुण्याहून रात्रभर प्रवास करून. आमच्याकडे बायका वेशीपर्यंतच जातात. आम्ही वेशीपाशी आलो आणि थांबलो, पदर तोंडाला लावून, जसं सगळ्या थांबतात तसं.

थोडं पुढे जाऊन बापू थांबले. ते थांबले म्हणून बाकीचे तिघे थांबले. खांद्यावर ओझं तसंच ठेवून त्यांनी मान मागे वळवली, आणि पावसातून आमच्याकडे बघून ओरडले, "तुमी काऊन उभ्या राह्यल्या? चला ना!"

मग आम्ही वेस ओलांडली.